बंद शाळा उघडत नाही, तेव्हा पालकांनी पाठपुरावा कसा करावा

शाळा बंद करण्याचा निर्णय एका संध्याकाळी होतो आणि त्याला एकच सही पुरते. तीच शाळा पुन्हा उघडायची म्हटली की आरोग्य विभाग, शिक्षण विभाग, निवडून आलेले मंडळ, शिक्षक संघटना, बसचा कंत्राटदार, इमारतीची देखभाल पाहणारा अभियंता आणि शेवटी खुद्द पालक अशा सगळ्यांचा होकार लागतो, आणि यांतला कोणीही एक अडून बसला तरी तारीख पुढे जाते. मार्च २०२० मध्ये जगभरातल्या शाळा जवळजवळ एकाच महिन्यात बंद झाल्या. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार तो भर ओसरण्यापूर्वी १९० हून अधिक देशांतले सुमारे १६० कोटी विद्यार्थी वर्गाबाहेर होते. उघडताना मात्र प्रत्येकाची चाल निराळी होती. डेन्मार्कने लहान मुलांचे वर्ग १५ एप्रिल २०२० रोजीच सुरू केले, तर युगांडातल्या शाळा पूर्णपणे उघडायला १० जानेवारी २०२२ उजाडले. एवढी तफावत केवळ साथीच्या तीव्रतेने पडत नाही. निर्णय कोणी घ्यायचा, कशाच्या आधारे घ्यायचा आणि तो न घेतल्यास कोणाला जाब द्यावा लागतो, यावर बरेच काही ठरते, आणि पालकांना हात घालता येतो तो याच जागी.

माझ्या मुलीच्या सरकारी शाळेकडून त्या काळात चार महिन्यांत तीन सूचना आल्या. तिन्हींमध्ये ‘प्रत्यक्ष वर्ग सुरू करण्याबाबत योग्य वेळी कळवण्यात येईल’ हे वाक्य जसेच्या तसे होते; बदलले होते ते जावक क्रमांक आणि तारीख. पहिली सूचना वाचून मी निश्चिंत झालो, दुसरी वाचून चिडलो आणि तिसरीनंतर मुख्याध्यापकांना फोन करून नको ते बोललो. त्यातून निष्पन्न इतकेच झाले की पुढचे दोन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. नंतर कळले की निर्णय त्यांच्या हातातच नव्हता. तेही आमच्यासारखेच वरून येणाऱ्या पत्राकडे डोळे लावून बसले होते. पुढे जे लिहिले आहे त्यातला बराचसा भाग त्या फोनची चूक निस्तरताना शिकलेला आहे. ते साथीच्या संदर्भात लिहिले असले तरी पूर, भूकंप किंवा इमारतीची दुरुस्ती यांमुळे रखडलेल्या शाळेलाही थोड्याफार फरकाने लागू पडेल.

अडले कुठे, हे आधी शोधावे

‘शाळा कधी सुरू होणार?’ हा प्रश्न विचारणे थांबवावे. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर समोरच्याकडे नसते, आणि उत्तर नसलेला माणूस ‘लवकरच’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी असे विचारावे: शाळा आज उघडत नाही ती नेमकी कोणत्या अटीसाठी, ती अट पूर्ण करणे कोणाच्या अखत्यारीत आहे, आणि ती पूर्ण झाली हे कोण ठरवणार? या प्रश्नाला ‘लवकरच’ हे उत्तर बसत नाही. ज्याला विचारले त्याला एकतर अट सांगावी लागते, नाहीतर दुसऱ्या कोणाचे तरी नाव घ्यावे लागते, आणि दोन्हींपैकी काहीही झाले तरी तुम्ही एक पाऊल पुढे सरकलेले असता.

उत्तरे ऐकताना एक भेद कायम लक्षात ठेवावा. काही अडथळे आदेशाचे असतात: वरच्या कार्यालयाने परवानगीच दिलेली नसते, आणि मग शाळेशी भांडून काही मिळत नाही. काही अडथळे नियमाच्या अर्थाचे असतात: परवानगी आलेली असते, पण ‘पुरेसे अंतर राखून’ किंवा ‘आवश्यक ती काळजी घेऊन’ अशी मोघम शब्दरचना वाचून शाळा तिचा सर्वांत कडक अर्थ लावते, कारण उद्या काही घडले तर जबाबदारी आपल्यावर येईल ही धास्ती असते. तिसऱ्या प्रकारात कागद सगळे ठीक असतात, पण बस नाही, सफाईला माणसे नाहीत किंवा दोन शिक्षक रजेवर आहेत आणि बदली शिक्षक मिळत नाही. माझ्या अनुभवात दुसरा प्रकार सर्वाधिक आढळतो, आणि तोच सर्वांत लवकर सुटतो, कारण वरच्या कार्यालयाकडून एक ओळीचा लेखी खुलासा मिळाला की मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचे ओझे उतरते. हा खुलासा शाळेने स्वतः मागायला हवा हे खरे. पण शाळा मागत नसेल तर पालकांनी मागावा आणि त्याची प्रत शाळेला द्यावी.

म्हणून मूळ परिपत्रक स्वतः वाचावे. समूहात फिरणारा त्याचा सारांश वाचू नये, आणि वर्गशिक्षिकेने सांगितलेला अर्थही अंतिम धरू नये. परिपत्रकात ‘शाळांनी करावे’ आणि ‘शाळांना करता येईल’ हे दोन वेगवेगळे शब्दप्रयोग असतात. पहिल्याने बंधन येते, दुसऱ्याने केवळ मुभा मिळते. आमच्या शाळेत तीन आठवडे ज्या अटीवरून घोळ चालला होता ती मुळात मुभा होती, हे दोन वेळा वाचल्यावर एका पालकाच्या ध्यानात आले.

निर्णय कोणाच्या हातात आहे हे ओळखल्याने काय साधते आणि काय साधत नाही, याचे ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. तिथल्या सरकारी शाळा दीर्घकाळ ऑनलाइनच राहिल्या. जानेवारी २०२१ मध्ये, वर्ग बंद असतानाच, निवडून आलेल्या शालेय मंडळाने ४४ शाळांची नावे बदलण्याचा ठराव केला, आणि शाळा उघडण्याआधी नावांचा विचार चाललेला पाहून पालकांचा संयम सुटला. फेब्रुवारीत शहर प्रशासनाने आपल्याच शहराच्या शालेय जिल्ह्यावर, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर, न्यायालयात दावा लावला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सदस्यांना मतदानाद्वारे पदावरून दूर केले. पालकांनी योग्य जागा हेरली होती. मुख्याध्यापकांना धारेवर धरण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. तरीही एक बाब नजरेआड करू नये: ते मतदान झाले तेव्हा शाळा उघडून सहा महिने होत आले होते. न्यायालय आणि निवडणूक ही साधने खरी आहेत, पण त्यांची चाल मुलाच्या शैक्षणिक वर्षापेक्षा संथ असते, त्यामुळे त्यांच्या भरवशावर बाकीचे प्रयत्न सोडू नयेत.

टेप घेऊन वर्गखोली मोजावी

‘जागा पुरत नाही’ हे कारण ऐकले की बहुतेक पालक निमूटपणे मान डोलावतात. मी सुचवीन की परवानगी घेऊन एक वर्गखोली प्रत्यक्ष मोजावी. समजा, खोली ८ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. लांबीतून फळ्याजवळ दीड मीटर आणि मागे अर्धा मीटर, तसेच रुंदीतून दोन्ही भिंतींलगत अर्धा अर्धा मीटर सोडला, तर मुले बसवायला ६ बाय ५ मीटरचा चौकोन उरतो. दोन मुलांमध्ये सहा फूट अंतर हवे असेल तर या चौकोनात चार ओळींत प्रत्येकी तीन, म्हणजे १२ मुले मावतात. तेच अंतर तीन फूट केले तर सात ओळींत प्रत्येकी सहा, म्हणजे कागदावर ४२ मुले मावतात. ये-जा करायला वाट सोडली की आकडा थोडा खाली येतो. पट ३६ असेल, तर पहिल्या नियमाने वर्गाच्या तीन तुकड्या होतात आणि प्रत्येक मूल आठवड्यातून जेमतेम दोन दिवस शाळेत येते. दुसऱ्या नियमाने अख्खा वर्ग रोज बसू शकतो. खोली तीच, बाक तेच, मुले तीच. फरक पाडला तो केवळ अंतराच्या आकड्याने.

अमेरिकेत नेमके हेच घडले. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने १९ मार्च २०२१ रोजी, मास्क वापरला जात असल्यास, वर्गातल्या बहुतेक विद्यार्थ्यांमधले अंतर सहा फुटांवरून तीन फुटांवर आणले, आणि ‘जागा नाही’ हे ज्यांचे एकमेव कारण होते अशा शाळांचे गणित एका दिवसात बदलले. जागतिक आरोग्य संघटना तर आधीपासून किमान एक मीटर म्हणत होती. म्हणून आपली शाळा कोणत्या तारखेचा नियम धरून चालली आहे हे जरूर विचारावे. नियम बदलतात, पण शाळेच्या फाइलीत लागलेले जुने पत्रक कोणी काढत नाही.

हवेचेही असेच आहे. हवेतून पसरणाऱ्या आजारात बाक पुसत बसण्यापेक्षा खोलीतली हवा बदलत राहणे अधिक उपयोगी पडते, पण दिसायला फवारणी मोठी दिसते, म्हणून पैसा आणि माणसे तिकडे वळतात. वरच्या उदाहरणातली खोली ३ मीटर उंच असेल तर तिच्यात १४४ घनमीटर हवा असते. अमेरिकेच्या त्याच केंद्राने मे २०२३ मध्ये तासाला किमान पाच वेळा हवा बदलावी असे सुचवले. म्हणजे या खोलीला तासाला ७२० घनमीटर स्वच्छ हवा हवी. ती समोरासमोरच्या खिडक्या उघडून मिळते का, पंख्याने मिळते का, की गाळणी बसवलेले यंत्र लागेल, हे पाहायला कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे उपकरण पुरते. मोकळ्या हवेत ते दहा लाखांत सुमारे ४२० भाग दाखवते. वर्ग भरलेला असताना आकडा हजाराच्या वर चढतच राहिला तर आत कोंडलेली हवा बाहेर जात नाही, असे समजावे. हे उपकरण एका पालकाने आणले आणि वर्गात तासभर ठेवले, तर सभेतला अर्धा वाद तिथेच मिटतो. डेन्मार्कमध्ये वर्ग सुरू करताना मुलांचे लहान गट केले होते आणि शक्य तितके शिकवणे मैदानावर नेले होते, हाही पर्याय शाळेपुढे ठेवण्याजोगा आहे. त्याला ना यंत्र लागते ना निविदा.

सर्व पालकांच्या वतीने बोलू नये

आपल्याला शाळा उघडायला हवी म्हणजे सगळ्यांना हवी, असे गृहीत धरून सभेत उभे राहिलेल्या पालकाची बाजू पहिल्याच मिनिटाला पडते. कोणाच्या घरी कर्करोगाचे उपचार चाललेली आजी असते, कोणाच्या मुलाला श्वासाचा त्रास असतो, आणि कोणाचा शाळेच्या कारभारावरचा विश्वास आधीच उडालेला असतो. ही माणसे तुमच्या विरोधात नसतात. पण तुम्ही त्यांच्या वतीने बोललात की विरोधात जातात, आणि मग शाळेला ‘पालकांतच एकमत नाही’ हे आयते कारण मिळते.

यावर उपाय म्हणजे सभेआधी वर्गातल्या पालकांना तीनच प्रश्न विचारणे: वर्ग सुरू झाले तर मुलाला लगेच पाठवाल का, पाठवणार नसाल तर कोणती एक गोष्ट झाल्यावर पाठवाल, आणि ऑनलाइन वर्गासाठी घरात मुलाला स्वतःचे उपकरण आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते फोनवर किंवा दारात जाऊन घ्यावे, कारण ज्याच्याकडे उपकरण नाही तो ऑनलाइन अर्ज भरणार नाही. आमच्या वर्गात असे विचारले तेव्हा समूहावर सर्वांत जास्त बोलणारे सहा पालक आणि प्रत्यक्षातला वर्ग यांचे मत बरेच वेगळे निघाले. शाळा लवकर उघडण्याचा सर्वांत जास्त आग्रह ज्यांचा होता, त्यांतल्या दोन जणी समूहात कधी एक शब्दही लिहीत नव्हत्या. दोघी सकाळी सातला कामावर निघत आणि मूल धाकट्या भावंडासह घरी एकटे राही.

शिक्षकांकडेही याच नजरेने पाहावे. शिक्षक संघटनेने आक्षेप घेतला की ‘यांना काम नको’ असे म्हणणे सोपे असते. मीही ते म्हटले आहे. पण आक्षेपांची यादी मागून वाचली तर तिच्यात बहुधा ठोस गोष्टी निघतात: खिडक्या गंजून बसल्या आहेत, आजारी पडल्यास पगारी रजा मिळेल का, लसीकरणात क्रमांक कधी लागणार. यांतल्या अर्ध्या मागण्या पालकांच्याही आहेत. खिडकी दुरुस्त करण्याची मागणी पालक आणि शिक्षक यांनी एकाच पत्रावर सह्या करून केली, तर ती नाकारणे कोणत्याही कार्यालयाला जड जाते.

निवेदन लिहावे आणि पोच घ्यावी

तोंडी विचारलेल्या प्रश्नाची कार्यालयात नोंद राहत नाही. म्हणून वरची माहिती हाती आली की एक पानाचे निवेदन लिहावे. त्यात संताप, मुलांचे हाल, इतर ठिकाणची तुलना यांना जागा देऊ नये. दुकाने आणि उपाहारगृहे उघडली तरी शाळा बंदच, ही तक्रार न्याय्य आहे. पण शाळेचे मंडळ उपाहारगृहे चालवत नाही, त्यामुळे या वाक्याला त्यांच्याकडे उत्तर नसते आणि उत्तर देण्याची गरजही नसते. निवेदनाचा गाभा साधारण असा असावा:

‘आमच्या माहितीप्रमाणे अमुक तारखेच्या परिपत्रकान्वये शाळांना वर्ग सुरू करण्याची मुभा आहे. आपल्या शाळेत ते सुरू न होण्याचे कारण वर्गखोल्यांची अपुरी जागा असे तोंडी सांगण्यात आले. सोबत जोडलेल्या मोजमापानुसार सध्याच्या अंतराच्या नियमाने एका खोलीत ३६ विद्यार्थी बसू शकतात. तरी, वर्ग सुरू करण्यासाठी अद्याप कोणत्या अटी अपूर्ण आहेत, त्या प्रत्येकीची जबाबदारी कोणाकडे आहे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होणे अपेक्षित आहे, हे १५ दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.’

यात आरोप नाही, धमकी नाही, आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटकाही नाही. निवेदनाच्या दोन प्रती काढाव्यात, एकीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि ई-मेलने पाठवले असेल तर मुख्याध्यापकांसह त्यांच्या वरच्या कार्यालयालाही पाठवावे. मुख्याध्यापकांना आधी सांगून मगच वर पाठवावे. त्यांना डावलून गेल्यास ते दुखावतात. सांगून गेल्यास पुष्कळदा तेच तुमचे पत्र आपल्या शिफारशीसह पुढे सरकवतात.

उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा मार्ग धरावा. बहुतेक लोकशाही देशांत हा कायदा आहे, मुदती आणि पद्धत जागोजागी निराळी. अर्जात मत विचारू नये, कागद मागावा: शाळा उघडण्याची योजना, तिच्यावरील पत्रव्यवहार, वायुवीजनाची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल, आणि या कामासाठी आलेला निधी व त्यातला खर्च. अमेरिकेत मार्च २०२१ च्या मदत कायद्याने शाळांना सुमारे १२२ अब्ज डॉलर दिले, तेव्हा निधी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रत्यक्ष वर्गांकडे परतण्याची योजना जाहीर करणे आणि तिच्यावर लोकांची मते मागवणे ही अट घातली होती. शिवाय किमान २० टक्के रक्कम बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी राखून ठेवायची होती. अशी अट आपल्या निधीला जोडलेली आहे का, हे पाहण्यास फारसे कष्ट पडत नाहीत, आणि ती असेल तर पालकाच्या विनंतीमागे कायद्याचे बळ उभे राहते.

मंडळाच्या खुल्या सभेत बोलण्याची संधी मिळाली तर ती बहुधा दोन-तीन मिनिटांची असते. तेवढ्यात एकच मागणी मांडावी आणि ती लिहून न्यावी. पाच पालक जाणार असतील तर पाचांनी एकच भाषण पाच वेळा करण्याऐवजी एकाने मोजमाप, दुसऱ्याने पाहणीचा निष्कर्ष, तिसऱ्याने तारखेची मागणी असे वाटून घ्यावे. सभा संपल्यावर आपले म्हणणे इतिवृत्तात कसे नोंदवले आहे ते पाहावे. ‘पालकांनी शाळेबाबत विविध सूचना केल्या’ अशी नोंद दिसली तर पुढच्या सभेत तिची दुरुस्ती मागावी.

‘अंशतः सुरू’ याची मुदत विचारावी

पाठपुरावा फळाला आला की पहिल्यांदा बहुधा अर्धी शाळा पदरात पडते: एका दिवशी निम्मी मुले, दुसऱ्या दिवशी उरलेली, आणि घरी असलेल्यांसाठी ऑनलाइन. ती नाकारू नये, पण तिच्यावर समाधानही मानू नये. एकाच वेळी समोरच्या बारा मुलांना आणि पडद्यावरच्या चोवीस मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिकेला मी एकदा पाहिले. फळ्यावर लिहायला वळल्या की पडद्यावरच्यांना त्यांची पाठ दिसे, आणि पडद्याकडे वळल्या की वर्गातली मुले गप्पा मारू लागत. शेवटी त्यांनी फळा सोडला आणि सगळ्यांनाच पडद्यावर शिकवले; म्हणजे बारा मुले दप्तर पाठीला लावून ऑनलाइन वर्गासाठी शाळेत आली होती.

म्हणून अंशतः सुरू करण्याचा आदेश निघाला की त्याच दिवशी दोन गोष्टी लेखी मागाव्यात. हा टप्पा किती आठवड्यांचा आहे, आणि काय झाले की पुढचा टप्पा सुरू होईल? ‘परिस्थितीचा आढावा घेऊन’ हे उत्तर मान्य करू नये. आढावा कोण आणि कोणत्या वारी घेणार, हे ठरवून घ्यावे. लहान इयत्ता आधी पूर्णवेळ सुरू करण्याचा आग्रह धरावा, कारण वाचायला शिकणारे सहा वर्षांचे मूल पडद्यासमोर सर्वांत कमी शिकते, आणि त्याच्याबरोबर घरी एका मोठ्या माणसालाही थांबावे लागते.

तोवर घरी काय करावे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. घराची शाळा करण्याचा प्रयत्न करू नये. तो पहिल्या आठवड्यातच मोडतो. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास मोठ्याने वाचन आणि थोडे गणित एवढे सांभाळले तरी पुष्कळ. नेदरलँड्समध्ये शाळा अवघे आठ आठवडे बंद होत्या आणि घरोघर इंटरनेट चांगले होते. तरी तिथल्या राष्ट्रीय परीक्षांच्या अभ्यासात मुले घरी राहून फारसे काही पुढे सरकली नाहीत असे दिसले, आणि कमी शिकलेल्या आई-बापांच्या मुलांचे नुकसान इतरांपेक्षा बरेच जास्त होते. आपले मूल मागे पडले तर ते आपल्या हातून काही राहिले म्हणून, असे मनाला लावून घेऊ नये. मात्र ऑनलाइन वर्ग किती दिवस भरले, किती वेळ चालले आणि कोणता भाग शिकवून झाला, याची वहीत तारीखवार नोंद ठेवावी. ती पुढे उपयोगी पडते.

दार उघडल्यानंतरचा महिना

पहिल्या दिवशी फुगे लागतात, छायाचित्रे निघतात आणि पालकांचा समूह शांत होतो. नेमके तेव्हाच काम सोडू नये. पहिल्या दोन आठवड्यांत पटावरची किती मुले प्रत्यक्ष आली, हा आकडा मागावा, आणि जी आली नाहीत त्यांच्या घरी कोण जाणार आहे ते विचारावे. काही मुले कामाला लागलेली असतात, काहींची घरे बदललेली असतात, आणि शाळा एवढे दिवस बंद होती म्हणून कोणी त्यांचा माग काढलेला नसतो.

त्यानंतर प्रश्न येतो राहून गेलेल्या अभ्यासाचा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत २०१९ च्या तुलनेत २०२२ मध्ये गणिताचे सरासरी गुण चौथीत ५ नी आणि आठवीत ८ नी घसरले. तेव्हा ‘मुले आपोआप भरून काढतील’ या आश्वासनावर विसंबणे बरे नाही. पुस्तकाच्या ठरलेल्या पानापासून पुढे शिकवायला लागण्यापूर्वी प्रत्येक मुलाची साधी तपासणी व्हावी, आणि जादा तास कोण, कधी आणि कोणत्या निधीतून घेणार हे सांगावे, अशी मागणी करावी. ती वहीतली नोंद इथे पुढे करावी.

शेवटचे एक काम उरते, आणि शाळा उघडल्याच्या आनंदात ते हमखास राहते. पुढच्या वेळी शाळा बंद करावी लागली, तर कोणत्या अटीवर बंद होईल, किती दिवसांनी तो निर्णय पुन्हा तपासला जाईल आणि कोणत्या अटी पूर्ण झाल्या की ती उघडेल, हे अर्ध्या पानात लिहून पालक-शिक्षकांच्या सभेपुढे ठरावासाठी ठेवावे. आमच्या सभेत यावर चाळीस मिनिटे चर्चा झाली, ‘किती दिवसांनी’ या जागी आधी ३० आणि मग १४ हा आकडा आला, आणि ठराव मंजूर झाला. मुख्याध्यापकांनी, ज्यांनी एकेकाळी माझा फोन उचलणे बंद केले होते, तो स्वतः वाचून दाखवला. असा ठराव झाल्यास इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी आणि एकाऐवजी दोन पालकांकडे ठेवावी.